शेवटचा संपर्क कोणत्या दिवशी? पाच मांजरांच्या घरात आलेलं एक पॉझिटिव्ह पिल्लू

पाच मांजरांच्या घरात सहावं मांजर म्हणून एक पिल्लू येतं. त्याला शिंका येत असतात. चार दिवसांनी शिंका थांबतात आणि खोलीचं दार उघडलं जातं. बाराव्या दिवशी रक्ततपासणीत फेलाइन ल्युकेमियाचा विषाणू, म्हणजे रोजच्या बोलण्यातला फेल्व्ह, पॉझिटिव्ह निघतो. त्यानंतर कोणाचं रक्त कधी काढायचं, कोणाला कोणत्या खोलीत ठेवायचं आणि आलेला रिपोर्ट नेमका काय सांगतो, याचा हा हिशेब आहे. घर आणि मांजरं मांडणीसाठी घेतली आहेत. चुका मात्र घरोघरी होतात त्याच आहेत, आणि तपासण्यांमधली अंतरंही पशुवैद्य पाळतात तीच.

घरातली मांडणी अशी. नऊ वर्षांची तिरंगी मांजर, जी कोणाच्या अध्यात ना मध्यात. सहा वर्षांचा काळा बोका, नसबंदी झालेला, पण बाहेर जाऊन मारामारी करून येणारा. मानेवर जुन्या गळवाची खूण. तीन वर्षांच्या दोघी बहिणी, दिवसभर एकमेकींना चाटत बसणाऱ्या. आणि दीड वर्षाची पांढरी मांजर, कुठल्याही पिल्लाची आई व्हायला तयार. पाचांना सर्दी आणि पॅनल्युकोपेनिया (जुलाब-उलट्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) यांची लस लहानपणी दिलेली, पुढचे डोस चुकलेले. फेल्व्हची लस कोणालाच नाही, तपासणीही कधी झालेली नाही. पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं, वजन ७०० ग्रॅम, डोळे चिकटलेले, शौच पातळ.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी शौचाची पॅनल्युकोपेनिया तपासणी केली. ती निगेटिव्ह आली. डोळ्यांत थेंब आणि डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू झालं. पिल्लाला वेगळ्या खोलीत दोन ते तीन आठवडे ठेवा, असं सांगितलं होतं. चौथ्या दिवशी पिल्लू दाराशी रडत होतं, शिंका थांबल्या होत्या, आणि ‘तपासणी तर निगेटिव्ह आहे’ हे वाक्य घरात दोन-तीनदा बोललं गेलं होतं. दार उघडलं.

या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक हीच, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. त्या तपासणीला एकच प्रश्न विचारला होता: आज, या शौचात, पॅनल्युकोपेनियाचा विषाणू सापडण्याइतका आहे का? उत्तर ‘नाही’ आलं. फेल्व्हबद्दल, सर्दीच्या विषाणूंबद्दल, जंतांबद्दल ती तपासणी अवाक्षर बोललेली नव्हती. पॅनल्युकोपेनियाबद्दलही ती फक्त त्या दिवसापुरतं बोलली होती. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला बहुतेकदा दोन ते सात दिवस जातात, कधी चौदापर्यंत, त्यामुळे आल्या दिवशीचं निगेटिव्ह म्हणजे दार उघडायची परवानगी नाही. (उलटंही लक्षात ठेवावं: जिवंत लस दिल्यानंतर साधारण दोन आठवडे हीच तपासणी पुसट पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून लस कधी टोचली ते शौच तपासणाऱ्याला सांगायचं.)

नवव्या दिवशी बोक्याने खाणं सोडलं. लाळ गळत होती, ताप १०४ फॅरनहाइट, जिभेच्या कडेला फोड फुटून झालेले व्रण. हे कॅलिसी या सर्दीच्या विषाणूचं ओळखीचं चित्र. दोघी बहिणी शिंकायला लागल्या. तिरंगीला काही झालं नाही. बोक्याला वेदनाशामक आणि पातळ, कोमट करून वास सुटलेलं अन्न दिलं. मोठं मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल तर यकृतात चरबी साठायला लागते, आणि तो आजार मूळ सर्दीपेक्षा जास्त जीवघेणा असतो. म्हणून ‘तोंड बरं झालं की खाईल’ असं म्हणत वाट पाहायची नाही. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही द्यायची नाही. अर्धीसुद्धा जीव घेऊ शकते. डॉक्सिसायक्लिनची गोळी दिली की लगेच पाच-सहा मिलिलिटर पाणी सिरिंजने हळूहळू पाजायचं. गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जखम होऊन नळी कायमची अरुंद होऊ शकते.

कॅलिसी की सर्दीचा दुसरा विषाणू हर्पीस, हे शोधायला घशाचा स्वॅब पाठवायचा का, असा प्रश्न घरच्यांनी विचारला. डॉक्टर नको म्हणाले, आणि ते बरोबर होतं. बरी झालेली कितीतरी मांजरं कॅलिसी आठवडे-महिने बाहेर टाकत राहतात, हर्पीस तर आयुष्यभर शरीरात दबा धरून बसतो, शिवाय जिवंत लसीमुळेही पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, पॉझिटिव्ह येऊ शकते. पाच मांजरांचे पाच स्वॅब पाठवून तीन पॉझिटिव्ह आले असते, तरी उपचार तेच राहिले असते. उत्तराने काही बदलणार नसेल तर ती तपासणी बाजूला ठेवायची आणि रक्तासाठी खर्च राखायचा.

पिल्लाचं वजन आठवड्याला साधारण १०० ग्रॅमने वाढायला हवं होतं. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर ते मोजलं जात होतं, ही या घराने केलेली मोठी चांगली गोष्ट. बाराव्या दिवशी आकडा ७३० होता. हिरड्या फिकट. डॉक्टरांनी एक मिलिलिटर रक्त काढलं. पिल्लाच्या अंगात किलोमागे साधारण ६० मिलिलिटर रक्त असतं, म्हणजे याच्या अंगात सुमारे चव्वेचाळीस. त्यातलं एक मिलिलिटर निर्धोक. दवाखान्यातल्या जोड किटवर एफआयव्ही (मांजराची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा दुसरा विषाणू) निगेटिव्ह आणि फेल्व्ह पॉझिटिव्ह आलं.

या किटवर दोन वेगळ्या जातीचे प्रश्न शेजारी शेजारी बसवलेले असतात, आणि बहुतेक गैरसमज तिथूनच होतात. फेल्व्हच्या खिडकीत विषाणूचं स्वतःचं प्रथिन, पी२७, शोधलं जातं. त्यामुळे पिल्लाचं वय कितीही असलं तरी ती तपासणी चालते, आणि आईच्या दुधातून आलेल्या प्रतिपिंडांचा तिच्यावर परिणाम होत नाही. एफआयव्हीच्या खिडकीत मात्र प्रतिपिंड शोधले जातात. बाधित आईचे प्रतिपिंड दुधातून पिल्लात येतात आणि सहा महिन्यांच्या वयापर्यंत पिल्लू खोटं पॉझिटिव्ह दाखवू शकतं. म्हणजे लहान पिल्लाचं एफआयव्ही पॉझिटिव्ह सहा महिन्यांनंतर पुन्हा पाहायचं, पण फेल्व्ह पॉझिटिव्हला ‘लहान आहे, आईचं असेल’ असं म्हणून सोडायचं नाही.

किट वापरण्यातही चुका होतात. फ्रिजमधलं किट खोलीच्या तापमानाला येऊ न देता वापरणं, दिलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने खिडकीत डोकावून ‘रेघ दिसतेय की’ म्हणणं, रक्तपेशी फुटलेला लालसर नमुना वापरणं, आणि रक्ताऐवजी लाळेवर तपासणी करणं. पॉझिटिव्ह आल्यावर दुसरी तपासणी शक्यतो दुसऱ्या कंपनीच्या किटवर किंवा प्रयोगशाळेत, आणि पूर्ण रक्ताऐवजी सीरम किंवा प्लाझ्मावर, म्हणजे पेशी काढलेल्या रक्ताच्या द्रवावर, करावी.

एकदा पॉझिटिव्ह आलं तरी दुसरी तपासणी का, हे साध्या गुणाकाराने कळतं. समजा किट निरोगी मांजरांपैकी शंभरात दोघांना चुकून पॉझिटिव्ह दाखवतं. घरातच वाढलेल्या, धडधाकट अशा १००० मांजरांत १० खरी बाधित असतील, तर किट त्या दहांना पकडेल आणि उरलेल्या ९९० मधल्या सुमारे वीसांनाही. तीस पॉझिटिव्हांतली वीस खोटी. आता १००० आजारी, भटकी पिल्लं घेऊ आणि त्यांत २०० बाधित आहेत असं धरू. खोटी पॉझिटिव्ह फक्त सोळा. किट तेच, पण पहिल्या गटातल्या पॉझिटिव्हवर कोणी निर्णय घेऊ नये आणि दुसऱ्यातलं बहुधा खरं असतं. आपलं पिल्लू दुसऱ्या गटातलं होतं. तरीही नमुना प्रयोगशाळेत गेला, कारण त्याच्या संपूर्ण आयुष्याचा निर्णय त्या कागदावर व्हायचा होता. सीरमवर पी२७ शोधणारी एलायझा तपासणी, आणि जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीतल्या पूर्ण रक्तावर प्रोव्हायरसचा पीसीआर. पीसीआरला पेशी लागतात, कारण हा विषाणू स्वतःची प्रत, म्हणजेच प्रोव्हायरस, मांजराच्या पेशीच्या डीएनएतच घुसवतो, आणि ती प्रत सीरममध्ये सापडत नाही. ती नळी थंड ठेवायची, गोठवायची नाही. दोन्ही पॉझिटिव्ह आले.

दरम्यान तेराव्या दिवशी पाचही मोठ्या मांजरांचं रक्त काढलं. फेल्व्ह पाचही निगेटिव्ह. बोका एफआयव्ही पॉझिटिव्ह.

‘पाचही वाचली,’ असं घरात म्हटलं गेलं. पण पिल्लू त्यांच्यात मिसळलं होतं ते चौथ्या ते बाराव्या दिवसापर्यंत. लागणीनंतर पी२७ रक्तात दिसायला बहुतेक मांजरांत तीस दिवसांपर्यंत लागतात. तेराव्या दिवसाचं निगेटिव्ह एवढंच सांगत होतं की पिल्लू येण्याआधी ही पाच बाधित नसावीत. ही पायारेषा उपयोगाची असते, कारण पुढे कोणी पॉझिटिव्ह निघालं तर लागण कुठून आली हे कळतं. पण पिल्लाकडून लागण झाली का, याचं उत्तर त्या कागदावर नव्हतंच. ते लवकरात लवकर बेचाळिसाव्या दिवशी मिळणार होतं: शेवटच्या संपर्काचा दिवस बारा, अधिक तीस. म्हणून रिपोर्टच्या फाइलवर मांजराच्या नावाखाली पहिली ओळ शेवटच्या संपर्काची हवी. ती नसेल तर निगेटिव्ह शब्दाला अर्थच उरत नाही.

पिल्लू परत वेगळ्या खोलीत गेलं. घरच्यांनी मोठ्या जोमाने फरशी ब्लीचने पुसायला घेतली, पण पहिले दोन दिवस पाण्याचं मोठं भांडं सगळ्या मोठ्या मांजरांत एकच राहिलं. दोन विषाणूंच्या दोन स्वभावांची ही गल्लत. फेल्व्ह अत्यंत नाजूक आहे. मांजराच्या बाहेर, कोरड्या जागेवर तो काही तासांच्या आत संपतो, साधा साबणही त्याला पुरतो. तो पसरतो लाळेतून: एकमेकांना चाटणं, एकाच वाडग्यातून खाणं-पिणं, चावणं. त्याच्यासाठी फरशीपेक्षा वाडगे महत्त्वाचे. कॅलिसी मात्र कोरड्या पृष्ठभागावर महिनाभर टिकू शकतो, आणि पॅनल्युकोपेनियाचा विषाणू वर्षभरही. ब्लीच त्यांच्यासाठी. साधारण ५ टक्क्यांच्या घरगुती ब्लीचचं प्रमाण एक लिटर पाण्यात ३० मिलिलिटर, रोज ताजं, आणि पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहायला हवा. आधी साबणाने धुऊन घाण काढायची, नाहीतर ब्लीच त्या घाणीतच खर्ची पडतं. लिटरच्या (मांजराच्या शौचाच्या) ट्रेमधलं मूत्र आधी पाण्याने धुऊन टाकायचं. मूत्रातला अमोनिया आणि ब्लीच मिळून विषारी वायू होतो. फिनेलसारखी फिनॉलवर्गातली जंतुनाशकं मांजराच्या घरात नकोतच. ती पंजांवरून जिभेवर जातात आणि मांजराच्या यकृताला ती निचरता येत नाहीत. हाताला लावायचं अल्कोहोलचं सॅनिटायझर कॅलिसीवर भरवशाचं नाही, पॅनल्युकोपेनियावर तर चालतच नाही. हात साबणाने धुवायचे.

कामाचा क्रम ठरला: आधी निरोगी मोठी, मग शिंकणारी, शेवटी पिल्लू. पिल्लाच्या खोलीची चप्पल, अंगावर घालायचा जुना सदरा, वाडगे आणि लिटरचं फावडं तिथेच राहणार. पुठ्ठ्याचं ओरबाडण्याचं खोकं टाकून दिलं, कारण ते धुता येत नाही.

एक गोष्ट मात्र सुटली. पिल्लू वेगळं झालं, पण पाच मोठी मांजरं एकत्रच राहिली. पांढरी मांजर आठ दिवस पिल्लाला कुशीत घेऊन झोपली होती, त्याचं तोंड चाटत होती. तिरंगीने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. दोघींचा धोका सारखा नव्हता. तेराव्या दिवशीच पांढरीला निदान वाडगे आणि खोलीपुरतं वेगळं केलं असतं, तर पुढचा एक महिना वाचला असता.

पंचेचाळिसाव्या दिवशी पुन्हा रक्त काढलं. चार निगेटिव्ह, पांढरी पुसट पॉझिटिव्ह. पुसट रेघही पॉझिटिव्हच धरायची आणि पडताळायची; ‘अर्धी पॉझिटिव्ह’ असा प्रकार नसतो. प्रयोगशाळेतला एलायझा पॉझिटिव्ह, पीसीआरही पॉझिटिव्ह. यानंतर जे घडतं ते पुष्कळांच्या लक्षात येत नाही: बाकीच्या चौघांचं घड्याळ पुन्हा शून्यावर आलं. पांढरी कदाचित दोन-तीन आठवडे लाळेतून विषाणू टाकत होती आणि चौघं तिच्यासोबत होती. त्यांचा शेवटचा संपर्क आता बारावा दिवस राहिला नाही, पंचेचाळिसावा झाला. म्हणजे पुढची तपासणी पंच्याहत्तराव्या दिवसाच्या आत नाही.

पांढरीला वेगळी खोली मिळाली. पिल्लासोबत का नाही ठेवली? दोघंही पॉझिटिव्हच तर आहेत, हा प्रश्न रास्त आहे. पण फेल्व्हची लागण झालेल्या प्रत्येक मांजराचा शेवट एकसारखा नसतो. काहींचं शरीर विषाणूला सुरुवातीलाच परतवून लावतं. काहींत विषाणू रक्तात येतो, मग प्रतिकारशक्ती त्याला दाबते. पी२७ नाहीसं होतं, पेशींच्या डीएनएत प्रत मात्र उरते. याला दबलेली लागण म्हणू. आणि काहींत विषाणू वाढतच जातो: रक्तक्षय, लिम्फोमा हा कर्करोग, वारंवार होणारे इतर संसर्ग, आणि निदानानंतर बहुतेकांचं आयुष्य सुमारे तीन वर्षांच्या आत आटोपतं. वय जितकं कमी तितकी वाढती लागण व्हायची शक्यता जास्त. दीड वर्षाची पांढरी अजून झुंजत असू शकत होती, आणि भरपूर विषाणू टाकणाऱ्या पिल्लासोबत तिला कोंडणं म्हणजे त्या झुंजीत विरुद्ध बाजूला मदत करणं.

साठाव्या दिवशी, साधारण सतरा आठवड्यांच्या वयात, पिल्लाची फेरतपासणी झाली: पी२७ ठसठशीत पॉझिटिव्ह, प्रोव्हायरसचं प्रमाण मोठं. वाढती लागण. ऐंशीव्या दिवशी चौघं पी२७ आणि पीसीआर दोन्हींत निगेटिव्ह. त्याच दिवशी, रक्त काढून झाल्यावर, दोघी बहिणींना फेल्व्हच्या लसीचा पहिला डोस दिला आणि तीन ते चार आठवड्यांनी दुसरा ठरला. रक्त आधी, लस नंतर, हा क्रम मोडायचा नाही: लस टोचल्या टोचल्या काढलेल्या रक्तात लसीतलंच प्रथिन सापडू शकतं. बाधित मांजराला या लसीचा उपयोग नसतो, आणि निरोगी मांजरालाही ती पूर्ण संरक्षण देत नाही, म्हणून लस झाली तरी पिल्लाच्या खोलीचं दार बंदच. एकशे पाचव्या दिवशी पांढरीचं पी२७ निगेटिव्ह, पीसीआर अजून पॉझिटिव्ह. लागण दबली होती.

हा रिपोर्ट पाहून घरच्यांना वाटलं की दोन तपासण्या एकमेकींशी भांडताहेत आणि एक चुकीची आहे. तसं नाही. एक विचारते, विषाणू आत्ता प्रथिनं बनवून रक्तात सोडतोय का? दुसरी विचारते, त्याची प्रत पेशींत उरली आहे का? ‘नाही’ आणि ‘हो’ ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असतात. अशी मांजर सहसा इतरांना लागण करत नाही, म्हणून पांढरी पुन्हा चौघांत आली. पण तिचं रक्त कधीही दुसऱ्या मांजराला द्यायचं नाही, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, विशेषतः स्टिरॉइड, द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना हे आधी सांगायचं, कारण दबलेला विषाणू त्यातून उठू शकतो. पी२७ सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचं.

बोक्याची गोष्ट त्यामानाने सोपी. दुसऱ्या पद्धतीच्या तपासणीतही एफआयव्ही पॉझिटिव्हच आलं, आणि मानेवरची खूण पाहता ते अपेक्षित होतं. हा विषाणू मुख्यतः खोल चाव्यातून जातो, वाडग्यातून सहसा नाही. ज्या घरात मांजरं भांडत नाहीत तिथे असा बोका इतरांसोबत राहू शकतो, आणि कित्येक वर्षं ठणठणीत जगू शकतो. त्याचं बाहेर जाणं मात्र बंद झालं, त्याच्यासाठीही आणि बाहेरच्यांसाठीही. कच्चं मांस बंद. दर सहा महिन्यांनी वजन, हिरड्या आणि रक्तपेशींची मोजणी. बाहेर जाणं बंद झाल्यावर तो दोन आठवडे घरभर मूत्र फवारत फिरला. सहा मांजरांना चार ट्रे होते, ते सात केले, एकाच रांगेत न ठेवता वेगवेगळ्या खोल्यांत. त्याच दिवसांत दोघी बहिणी पुन्हा शिंकल्या. खोल्या बदलणं, माणसांची धावपळ, नवा नियम, एवढा ताण दबलेला हर्पीस उठवायला पुरतो. ताणानंतर चार ते अकरा दिवसांनी तो बाहेर पडायला लागतो. नवी लागण आली असं समजून सगळं घर पुन्हा धुवायला घ्यायचं कारण नव्हतं.

पिल्लाला केवळ रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून मारायचं नाही, यावर डॉक्टर आणि घरचे दोघंही ठाम होते, आणि आमचंही मत तेच. खातंय, खेळतंय, दुखत नाही, तोवर त्याचं आयुष्य त्याचं आहे. प्रश्न जागेचा होता. खिडकी असलेली एक खोली, दिवसातून चार वेळा माणसाची सोबत, इतकं या घराला जमत होतं, पण वाढत्या पिल्लाला दुसरं मांजर लागतं. शेवटी ते अशा घरी गेलं जिथे फेल्व्ह पॉझिटिव्ह असलेली एक मोठी मांजर आधीच एकटी राहत होती, तिचीही लागण वाढतीच होती. नसबंदी तिथल्या डॉक्टरांनी केली, आधी रक्तपेशी मोजून. सोबत फाइल गेली: तारखा, कोणत्या नमुन्यावर कोणती तपासणी, कोणतं किट, लशींची नावं आणि रोजच्या वजनाचा तक्ता. तक्त्यातला शेवटचा आकडा १,८६० ग्रॅम.

रिकाम्या झालेल्या खोलीच्या दाराला कडी तशीच ठेवली आहे. पुढचं जे कोणी मांजर येईल ते आधी तिथे जाईल: आल्या दिवशी फेल्व्ह आणि एफआयव्ही, तीस दिवसांनी फेल्व्ह पुन्हा, साठ दिवसांनी एफआयव्ही पुन्हा, आणि फेल्व्हचा दुसरा रिपोर्ट येईपर्यंत त्याचे वाडगे वेगळे.